चर्चा: तार पोहोचलेल्या शिवारात प्रत्येक विहिरीवर पॅनल नको, शेतीचा फीडरच सौर करा

तारखांब (धागालेखक)

शेतीला दिवसा वीज हवी, यावर आता कुणाचं दुमत उरलेलं नाही. एक आठवडा दिवसा आठ तास, पुढच्या आठवड्यात रात्री, या पाळीने शेतकऱ्याची झोप गेली, कंबर गेली आणि कित्येकांचा जीवही गेला. रात्री दीडला लाईट येते, माणूस बॅटरी घेऊन उसात दारं मोडायला शिरतो, पायाखाली पाचट आहे की साप ते कळत नाही. जुन्नर-शिरूर पट्ट्यात त्यात बिबट्याची भर.

यावर सरकारने दोन वाटा एकाच वेळी धरल्या. पहिली २०२३ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि ती वीज ११ केव्हीच्या शेती फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेतीकडे जाणाऱ्या लाईनवर, दिवसा सोडायची. दुसरी २०२४ची 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे ७.५ एचपी. खुल्या गटाने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, बाकी अनुदान.

माझं म्हणणं असं की जिथे खांब आणि तार आहे तिथे दुसरी वाट चुकीची आहे. हिशोब मांडतो.

५ एचपीच्या सौर पंपाला साधारण ४,८०० वॉटचे पॅनल लागतात. आपल्याकडच्या उन्हात ते वर्षाला ७,००० युनिटच्या आसपास वीज करू शकतात. शेतकरी मोटर चालवतो वर्षातले दीडशे दिवस, दिवसाला २० युनिट धरले तर ३,०००. उरलेली ४,००० युनिट तयारच होत नाहीत. पॅनल उन्हात उभे आणि कंट्रोलर बंद. एका फीडरवर असे ४०० पंप धरा, वर्षाला १६ लाख युनिट वाया. तेच दोन मेगावॉट उपकेंद्राजवळ आठ-दहा एकरांत लावले, तर पावसाळ्यात किंवा काढणीच्या दिवसांत मोटरी बंद असल्या तरी वीज गावाला, शहराला, कारखान्याला जाते. वाहिनी योजनेत ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. ग्राहकाच्या दारात वीज पोहोचवण्याचा महावितरणचा सरासरी खर्च आठ रुपयांच्या वर आहे. शेतीला सवलतीत वीज देताना पडणारी तूट शेवटी उद्योगांच्या आणि घरांच्या बिलातून भरली जाते, म्हणून हा प्रश्न फक्त शेतकऱ्याचा नाही. महावितरणची साधारण ३० टक्के वीज शेती उचलते.

विरोधी मतं जरूर मांडा, पण आकड्यांनिशी.

---

मोटेचं_पाणी

आकड्यांनिशीच मांडतो. तुमचा हिशोब उपकेंद्राच्या कुंपणाशी थांबतो. शेतकऱ्याचं दुखणं कुंपणाबाहेर सुरू होतं.

१०० केव्हीएची एक डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, घ्या. ५ एचपीची पाणबुडी मोटर तारेतून साधारण ५ किलोवॉट ओढते. पॉवर फॅक्टर (तारेवरच्या ओझ्यातला प्रत्यक्ष कामाचा वाटा) ०.८ धरला तर त्या डीपीवर जेमतेम १६ मोटरी बसतात. प्रत्यक्षात अधिकृत वीस असतात, वर आकडेवाले पाच-सहा. त्यात जवळपास प्रत्येक स्टार्टरला ऑटो लावलेला. लाईट आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, आणि उठताना प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. फ्यूज उडतो. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार बांधतो. त्यानंतर उडायला उरते ती डीपीच. ऐन गव्हाच्या ओंबीत डीपी जळाली की बदलून यायला आठ दिवस, पंधरा दिवस. तोवर पीक माना टाकतं.

टोकाच्या विहिरीवर तर ४१५ व्होल्टच्या जागी ३२० मिळतात. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट घेते, वाइंडिंग तापतं, इनॅमल जळतं. मोटर वर काढायला कप्पी, चार माणसं, रिवाइंडिंगचा खर्च आणि पाण्याची एक पाळी गेली ती वेगळीच. ही वीज सूर्याची आहे की कोळशाची, याने त्या वाइंडिंगला काय फरक पडतो? फीडर सौर केल्याने डीपी, डीपीपासून विहिरीपर्यंतची एलटी लाईन, झोळ पडलेल्या तारा यातलं काहीच बदलत नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. दुपारी बारा वाजता लख्ख ऊन असताना ३३ केव्हीची लाईन ट्रिप झाली, तर उपकेंद्राशेजारचा सौर प्रकल्पही त्याच क्षणी बंद पडतो. ग्रिड गेली की इन्व्हर्टरने थांबायचंच असतं, लाईनमनच्या जीवासाठी तो तसा बनवलेला आहे. म्हणजे ऊन आहे, पॅनल आहेत, पण पाणी नाही. विहिरीवरच्या पंपाला हे लागू होत नाही.

---

तारखांब

डीपीचं वर्णन शब्दन् शब्द खरं आहे. पण त्यावरचा उपाय तार सोडून देणं हा नाही. ३ एचपीला १, ५ एचपीला २ आणि ७.५ एचपीला ३ केव्हीएआरचा कॅपॅसिटर (पॉवर फॅक्टर सुधारणारा) प्रत्येक स्टार्टरला बसवला, तर तारेतला करंट सातव्या हिश्शाच्या आसपास उतरतो. त्याच डीपीवर आणखी दोन-तीन मोटरींची जागा होते आणि टोकाचं व्होल्टेज सुधारतं. खर्च काही शे रुपये. ऑटो काढून वेळ मागेपुढे ठेवणारा टायमर लावला तर एकदम उठण्याचा झटका जातो. एका सौर पंपावर जेवढं अनुदान जातं, तेवढ्यात अख्ख्या डीपीच्या सगळ्या मोटरींना हे बसवून वर पैसे उरतात.

हे होत का नाही? कारण डीपी कुणा एकाची नसते. कॅपॅसिटर मी लावला तर फायदा शेजाऱ्यालाही, नाही लावला तर तोटाही वाटून. ही अडचण माणसांची आहे, तंत्राची नाही, आणि ती डीपीवर पंधरा-वीस जणांचा गट करूनच सुटेल.

३३ केव्ही ट्रिपचा मुद्दा मान्य.

---

खडक५००फूट

तुम्ही दोघं विहिरीवर बोलताय. मराठवाड्यात, नगर-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात पाणी बोअरला आहे, आणि तेही चारशे-पाचशे फुटांवर. तिथे सौर पंप कसा फसतो ते नीट सांगतो, कारण लोक पैसे भरून बसतात आणि मग 'पंप खराब निघाला' म्हणतात. बहुतेक वेळा पंप खराब नसतो, निवड चुकलेली असते.

सौर पंपात बॅटरी नसते. ऊन जसं चढेल तशी कंट्रोलर मोटरची गती वाढवतो. स्क्रीनवर हर्ट्झचा आकडा दिसतो, सकाळी ३०, ३५, ४०, दुपारी ५०. पाण्याची मात्रा गतीच्या प्रमाणात वाढते, पण पाणी चढवण्याची उंची गतीच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा पंप ५० हर्ट्झवर ७० मीटर चढवतो आणि तुमचं पाणी ५० मीटरवर आहे. मग ४२ हर्ट्झला त्याची ताकद बरोबर पन्नास मीटरच्या आत राहते. पाणी पाइपात उभं, मोटर फिरतेय, बाहेर थेंब नाही. सकाळी साडेनऊपर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर हेच चालतं. ढग आले की दिवसभर. शिवाय पाणी वाहत नसल्यामुळे मोटर थंड होत नाही, ते नुकसान वेगळं.

म्हणून अर्ज करताना हेड, म्हणजे पाणी एकूण किती उंच चढवायचं ते, मोजून सांगा. भर उन्हाळ्यात मोटर तासभर चालल्यावर पाणी जिथे उतरतं ती पातळी, अधिक जमिनीवरचा चढ, अधिक पाइपातलं घर्षण. ठिबक असेल तर फिल्टरजवळ एक ते दीड किलो दाब लागतो, म्हणजे आणखी १० ते १५ मीटर. हे शेवटचे पंधरा मीटर बहुतेक लोक विसरतात. ३०, ५०, ७०, १०० मीटर अशा वेगवेगळ्या हेडचे पंप मिळतात. एचपी तोच, स्टेज (पंपातले पाणी वर ढकलणारे टप्पे) जास्त, पाणी कमी. १०० मीटरच्या खाली पाणी असलं तर माझं सरळ मत आहे की सौर पंप घेऊ नका, तारेची जोडणी सोडू नका. पैसे भरून वर्षानुवर्षं थांबलेल्या अर्जदारांना सरसकट सौरकडे वळवलं जातंय, ते या पट्ट्यात अन्यायाचं आहे.

---

वावरातली

खडकभाऊंनी लिहिलेलं घोकून ठेवण्यासारखं आहे. पण त्यावरून सौर पंप वाईट असं ठरत नाही. तीस मीटरच्या आतल्या विहिरीला आणि ठिबकला तो अतिशय चांगला जमतो.

केंद्राच्या मानकाप्रमाणे स्वच्छ उन्हाच्या दिवशी ३० मीटर हेडला एसी पंपाने पॅनलच्या प्रत्येक वॉटमागे ३५ लिटर पाणी द्यायला हवं. ३ एचपीचे ३,००० वॉट, म्हणजे दिवसाला १,०५,००० लिटर. ५० मीटरला हाच आकडा वॉटमागे २१ लिटर, म्हणजे ६३,००० लिटर. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,०५० लिटर. रब्बीत ठिबकवर दिवसाला ५ मिलिमीटर धरलं, तर ३० मीटरवाला पंप पाच एकर भिजवतो. तोच माणूस सरी-वरंब्याने पाटपाणी देत असेल तर एका पाळीला ६० मिलिमीटर जातं, एकराला जवळजवळ अडीच लाख लिटर. मग एका एकराला अडीच दिवस. 'सौर पंपाचं पाणी पुरत नाही' ही तक्रार होते तिथे कितीतरी ठिकाणी पाट चालू असतो. पंप मोठा मागण्याआधी पाट बंद करायला हवा.

तारखांबसाहेब, ४,००० युनिट वाया जातात हे खरं, पण त्यावर तोड आहे. केंद्राच्या योजनेत युनिव्हर्सल कंट्रोलरची सोय आहे. पाणी नको असेल तेव्हा त्याच पॅनलवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की, छोटं शीतगृह चालतं. गावात बहुतेकांना याचा पत्ताच नसतो, कारण बसवणारा साधा कंट्रोलर लावून निघून जातो. अर्ज करतानाच विचारायला हवं.

आणि बाईमाणसाच्या बाजूने एक सांगते. रात्रीची पाळी पुरुषाची, पण दिवसाची खुरपणी, जनावरं, आणि लाईट गेली की 'आली का बघ' हे बाईचं. सौर पंपाला वेळापत्रक नाही. ऊन आहे तर पाणी आहे, त्याप्रमाणे दिवस लावता येतो. ही मोकळीक युनिटमध्ये मोजता येत नाही, पण ती आहे.

---

भूजलपातळी

या मोकळीकीचीच मला काळजी आहे. आधीच 'बळीराजा मोफत वीज'मध्ये ७.५ एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल मार्च २०२९पर्यंत शासन भरतंय. सौर पंपाला तर कायमचंच बिल नाही. उपसा थांबवणारी एकमेव गोष्ट उरते ती विहिरीचा तळ. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते भेगांत आणि मुरमाच्या थरात. एकाने ऊन आहे म्हणून सकाळी नऊ ते चार मोटर चालू ठेवली की शेजारची विहीर मार्चमध्ये कोरडी.

यावर गुजरातेत एक वेगळी वाट धरली गेली, ती इथे मांडायलाच हवी. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये सौर पंपवाल्या शेतकऱ्यांची सहकारी मंडळी झाली. त्यांनी पंप ग्रिडला जोडले आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकली. पाणी उपसलं तर पीक, नाही उपसलं तर विजेचे पैसे. न उपसलेल्या पाण्याला किंमत आली. २०१८ मध्ये गुजरात सरकारने 'सूर्यशक्ती किसान' नावाने तशीच योजना फीडरच्या पातळीवर आणली. केंद्राच्या पीएम-कुसुम या शेतीसौर योजनेच्या 'क' घटकातही ग्रिडला जोडलेले पंप सौर करण्याची तरतूद आहे. आपण सुटे पंप वाटतोय, म्हणजे नेमकी ही शक्यता कापून टाकतोय.

---

मोटेचं_पाणी

भूजलताई, कल्पना पटते, पण ती माझ्या आधीच्या मुद्द्यावरच आपटते. ग्रिडला वीज विकायची तर ग्रिड चालू हवी. दुपारी फीडर बंद, डीपी जळालेली, तर मीटर थांबला आणि इन्व्हर्टरही थांबला. म्हणजे विक्री नाही आणि पाणीही नाही. जिथे फीडर दिवसा खात्रीने चालू असतो तिथेच हे जमतं. आपल्याकडे कित्येक पंप अजून विनामीटर, एचपीवर आकारणीचे. मीटरच नाही तिथे युनिट विकणार कसे?

आणि उपशाचा दोष सौर पंपाला देऊ नका. रात्री लाईट आली की ऑटोवर मोटर सुरू, मालक घरी झोपलेला, पाणी वाफ्यातून ओढ्यात. इतकी नासाडी सौर पंपाने होत नाही, कारण तो माणूस जागा असतानाच चालतो.

---

गायरान

फीडरच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जमिनीचं कुणीच काढलं नाही. मेगावॉटला चार-पाच एकर. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. जिरायती, खडकाळ रानाला हा भाव उत्तम आहे, कुणी नाकारणार नाही. पण बऱ्याच ठिकाणी प्रकल्प गायरानावर येतात. गायरानावर शेळ्या-मेंढ्या चरतात, आणि ज्यांची जनावरं चरतात त्यांच्या नावावर बहुधा ना विहीर असते ना पंप. त्यांचं चरायचं रान जातं आणि दिवसाची वीज मिळते ती विहीरवाल्याला. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी ५ लाख रुपये मिळतात, पण मेंढपाळाला कुंपणाबाहेर काय मिळतं? पॅनल थोडे उंच बांधून खाली चराई चालू ठेवता येते. गवत वाढलं तर पॅनलवर सावली पडते, म्हणून ते कापायला कंत्राटदार नाहीतरी माणसं लावतोच. मेंढरं ते काम करतील. करारात ही अट घालायला ग्रामसभेने अडून बसावं. सुट्या पंपाला शेतातली चार-पाच गुंठेही लागत नाहीत, हा त्याचा मोठा गुण.

---

भारनियमन

मी तारखांबांच्या बाजूचा, पण कारण वेगळं. रात्रीची शेतीची मागणी दुपारी सरकवणं ही अख्ख्या राज्याच्या ग्रिडची गरज आहे. दुपारी सौर वीज भरपूर येते तेव्हा कोळशाच्या संचांना खाली उतरावं लागतं, पण त्यांनाही तळ आहे. साधारण ५५ टक्क्यांच्या खाली संच स्थिर चालत नाही, तेल जाळून ज्वाला टिकवावी लागते. चंद्रपूरसारखं २,९२० मेगावॉटचं केंद्र दुपारी दाबायचं आणि सूर्य मावळताच पुन्हा चढवायचं, यात बॉयलरच्या नळ्यांना सारखे तापण्या-निवण्याचे झटके बसतात.

संध्याकाळी सात ते दहा कोयना धावून येते, पण तिचं पश्चिमेकडे सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने बांधून दिलंय. पाणी खाली सोडून पुन्हा वर चढवणारं घाटघर आहे, ते २५० मेगावॉटचं. साठवण अजून तोकडी असताना स्वस्त दुपारची वीज तिथल्या तिथे वापरणारा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे शेती, कारण पाण्याला संध्याकाळची घाई नसते. शेततळं भरलं की साठवण झालीच, ती बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त. सुटा पंप ग्रिडवरचं ओझं कमी करतो हे खरं, पण ग्रिडला देत काहीच नाही.

---

खडक५००फूट

बरोबर. फक्त खरिपाचा खंड विसरू नका. ऑगस्टमध्ये पाऊस ओढ देतो तेव्हा आभाळ बहुतेक झाकलेलंच असतं. पिकाला पाणी तेव्हाच हवं आणि सुटा पंप नेमका तेव्हाच ४० हर्ट्झवर घुटमळतो. फीडरवर सौर कमी पडलं तर कोळशाची वीज भरून काढते. याला मी फीडरचा सगळ्यात मोठा फायदा मानतो.

---

नवीन_अर्जदार

विहीर ६० फूट, उन्हाळ्यात पाणी ४५ फुटांवर, तीन एकर, ठिबक आहे. खांब ९०० मीटर लांब. काय करू?

---

तारखांब

तुम्ही सौर पंपच घ्या, ५ एचपीला पात्र आहात. खांब इतका लांब असेल तर माझा आग्रह तुम्हाला लागू नाही. धाग्याच्या मथळ्यातच 'तार पोहोचलेल्या शिवारात' म्हटलंय.

चर्चेतून एक बदल मान्य करतो. डीपीची दुरुस्ती आणि कॅपॅसिटर हे फीडर सौर करण्याच्या आधी झालं पाहिजे, सोबत नव्हे. नाहीतर स्वस्त वीज त्याच जळक्या डीपीतून जाणार. सुट्या पंपांबद्दलचं मत मात्र कायम आहे.

---

मोटेचं_पाणी

माझंही कायम. पण अर्जदार दादा, पंप ताब्यात घेताना सही करण्याआधी एवढं बघा.

पॅनलवर सकाळी नऊ ते चार कशाचीही सावली नको, बांधावरच्या आंब्याचीसुद्धा. सगळे पॅनल एका ओळीत सिरीजमध्ये जोडलेले असतात. एकावर सावली पडली किंवा उंदराने एक वायर कुरतडली की सगळी ओळ ढेपाळते. तोंड दक्षिणेला. पायाचं काँक्रीट तुमच्यासमोर भरून घ्या, नुसता खड्डा करून पाइप गाडू देऊ नका, वळवाच्या वादळात असेच सांगाडे उलथतात. वीजरोधकाचं अर्थिंग पॅनलच्या आणि कंट्रोलरच्या अर्थिंगपेक्षा वेगळ्या खड्ड्यात हवं, नाहीतर वीज पडली की ती कंट्रोलरमधूनच वाट काढते. ड्राय-रनचं संरक्षण (पाणी संपलं की मोटर आपोआप बंद होणं) चालतं का ते मोटर मुद्दाम उघडी पाडून नको, सेटिंगमध्ये दाखवायला सांगा.

पॅनल धुवायचे ते सकाळी, काच गार असताना. बोअरचं क्षाराचं पाणी मारलं तर पुसून घ्या, नाहीतर पांढरा थर बसतो. पाच वर्षं हमी आणि विमा आहे. चोरी झाली तर पोलिसांत तक्रार आणि गारपिटीत काच फुटली तर पंचनामा, हे लगेच करा आणि पॅनलवरच्या नंबरांचे फोटो आजच काढून ठेवा.

आणि शेवटची परीक्षा भर दुपारी, स्वच्छ उन्हात, २०० लिटरच्या ड्रमावर. ३ एचपीला ३० मीटर हेडवर तो साधारण ५० सेकंदांत भरतो. तुमचा पंप ५ एचपीचा, तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास भरायला हवा. तुमचं पाणी पंधरा मीटरवर आहे, ठिबकचा दाब धरून तीसच्या आतच बसता. सव्वा मिनिट लागत असेल तर चुकीच्या हेडचा पंप उतरवला आहे, तो बदलून मिळेपर्यंत सही करू नका.